डॉक्टरानं न विचारलेलं

आप्पा,

दूध सोसायटीच्या मीटिंगला तेरला चाललेय, संध्याकाळी येईन. भाकरी शिंक्यात आहे. टँकर आला तर शेजारच्या मथुराबाई पाणी भरतील, तुम्ही घागर उचलू नका. परवा पडलात तेवढं पुरे.

काल दवाखान्यात अंबादास डॉक्टर सगळ्या म्हाताऱ्यांना विचारत होता, ‘दारू घेता का? रोज किती?’ दारूवर झोपेची गोळी घेतली तर माणूस उठत नाही, असंही बजावत होता. तुमची पाळी आली तर आधी पाया पडला. ‘गुरुजी, तुम्हाला हे काय विचारायचं!’ म्हणाला आणि झोपेच्या गोळ्या लिहून मोकळा झाला. तुम्ही नुसते हसलात. माझ्याकडं असं बघितलंत की मी चिठ्ठी उचलून बाहेर आले. विद्यार्थ्यानं मान दिला म्हणून जीव घालवायचा का?

उद्या परत त्याच्याकडं जायचंय. तो वाकला की त्याला उठवा आणि तुमच्या तोंडानं सांगा.

गोळ्या मी सोबत नेतेय. बाटली कणगीमागं होती तिथंच आहे. वडिलांची वस्तू, हात लावायची छाती झाली नाही. मग त्या अंबादासला तरी काय बोल लावू?

शारदा