बाहीतलं चार बोटं कापड

सोमवार, ३ मार्च

ठरलं एकदाचं. उद्या सकाळच्या बसने निघायचं. "ते लढाईचं गाव डोळ्यांनी बघून ये, मग करते सही," असं मी लेकीला रागाच्या भरात बोलून गेले होते. तिने ते शब्द असे घट्ट धरून ठेवले की आता माघार नाही!

सैन्यभरतीचा अर्ज महिनाभर माझ्या शिवणाच्या दुकानात कापडाच्या गठ्ठ्याखाली पडून आहे. लेक सतरा वर्षांची. अठरा पुरी नसली की आईबाप दोघांच्या सह्या लागतात. ह्यांनी आपली केव्हाच ठोकून दिली. खालची ओळ माझ्यासाठी रिकामी. शेवटची तारीख एकतीस.

इथे तरी खरं लिहिते. मला वाटतंय, ती दगडावर कोरलेली नावं बघून तिचं मन फिरेल. म्हणून निघाले आहे. बाकी काही नाही.

ह्यांचा उत्साह मात्र उतू चाललाय. बस डेपोत नोकरी, म्हणून प्रवास अर्ध्या तिकिटात. संग्रहालय महिन्याच्या पहिल्या बुधवारी फुकट, म्हणून मंगळवारी निघायचं. पाव, उकडलेली अंडी आणि बटाटे घरून. "लढाई लढले त्यांनीसुद्धा एवढी आखणी केली नसेल," मी म्हटलं. तर म्हणतात, "म्हणूनच मेले!"

मंगळवार, ४ मार्च

पोचलो. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली मिळाली. एक पलंग, एक खाट, आणि सगळीकडे रबराच्या सोल्युशनचा वास. लेकीने आधी खाट बळकावली. म्हणे, सवय व्हायला हवी.

घरमालकीण गमतीची आहे. पहिलाच प्रश्न — "कुठली बघायचीय, सकाळची की दुपारची?" मी म्हटलं, काय? तर म्हणे लढाई. सकाळी हरले, दुपारी जिंकले. सकाळची बघायची तर ओढ्याकडे जा, दुपारची टेकडीवर. टेकडीला गर्दी फार. ओढ्याकडे कोणी फिरकत नाही.

खिडकीतून रणांगण दिसतं, असं तिने मोठ्या ऐटीत सांगितलं. मी बघितलं. एक मोठं हिरवं कुरण, चार बकऱ्या, आणि कुंपणावर वाळत घातलेल्या चादरी. मी खूप वेळ बघत बसले. इथे इतकी माणसं पडली हे पटतच नाही! लेकीला विचारलं, "तुला काय दिसतं गं?" म्हणाली, "चढ. दिसत नाही पण आहे. पळताना दम लागेल." ती दुसरंच काहीतरी बघत होती.

बुधवार, ५ मार्च

पाय मोडून आलेत, पण सगळं लिहूनच आडवी होणार.

सकाळी टेकडीवर. वाटाड्या केला नाही. कोणीतरी केलेल्या वाटाड्याच्या मागे मागे, आपण त्यातले नाहीच अशा चेहऱ्याने चालायचं, ही ह्यांची युक्ती. वाटाड्या जुन्या शिपायाच्या वेशात. लांबून रुबाबदार! जवळून बघितलं तर कोटाला प्लास्टिकची बटणं, आतून चेन, आणि काखेत उसवलेलं ते सेफ्टी पिनने धरलेलं. मला हसू आवरेना. माझी बोटं नुसती शिवशिवत होती. तेवढ्यात तो थांबला आणि ह्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "साहेब, मघापासून सगळ्यात जास्त प्रश्न तुम्हीच विचारताय. तुमचे पैसे कोण देणार?" ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी पुढे होऊन म्हटलं, "भाऊ, पैशाचं राहू द्या, तुमची काख शिवून देते." सुईदोरा पर्समध्ये असतोच. पाच मिनिटांत टाके घातले. मग त्याने आम्हाला ओढ्यापर्यंत नेलं — सकाळची लढाईसुद्धा दाखवली!

ओढा म्हणजे आता नुसती ओल. लेक उतरली, पलीकडे चढली, परत आली. किती पावलं, किती वेळ, स्वतःशीच पुटपुटत होती. नावांच्या दगडापाशीही नेलं तिला. माझा सगळा भरवसा त्या दगडावर. ती वरपासून खालपर्यंत वाचत गेली, एकही नाव न सोडता. डोळ्यांत पाणी होतं. मी मनात म्हटलं, झालं काम. तर वळून म्हणते, "आई, एवढ्यांची नावं कोणीतरी लिहून ठेवली, ते चांगलं केलं ना?"

दुपारी संग्रहालय. तलवारी, बंदुका, गंजलेली भांडी. मला त्यात गम्य नाही. शेवटच्या खोलीत मात्र पाय थबकले. काचेच्या कपाटात एक कोट. निळा असावा, आता राखाडी पडलाय. छातीशी भोक. खाली पाटी — "अनुभवी सैनिकाचा कोट. वय अंदाजे तीस. सकाळच्या लढाईत ओढ्याजवळ मृत्यू."

मी सहज बाही बघितली. सवयच ती. आणि बघतच राहिले. मनगटाच्या वर दोन बोटांवर कापडात एक फिकट पट्टा आहे, गोल, सगळीकडून सारखा. कापड बरेच दिवस दुमडलेलं असलं आणि मग सोडलं की तसा पट्टा पडतो. म्हणजे बाही आधी आखूड होती, मग वाढवली. आणि मोठ्या माणसाच्या बाहीला वाढवायला कापड सोडून कोण शिवतं? कोणीच नाही! आम्ही ते फक्त वाढत्या अंगासाठी सोडतो.

तेवढ्यात बंद व्हायची घंटा झाली.

उद्या परत संग्रहालयात जायचं आहे. हे म्हणाले, उद्या फुकट नाही, तिकीट आहे. मी म्हटलं, एकच काढू, माझं, आणि त्यासाठी माझं अंड्याचं जेवण कापा. बघितलंच पाहिजे.

गुरुवार, ६ मार्च

ठरल्याप्रमाणे एकच तिकीट काढलं, माझं. हे दोघे बाहेर बाकावर. पाच मिनिटांत मागून पावलं वाजली — लेक! खाऊचे साठवलेले पैसे घालून आत आली होती. आणि तिच्या मागून हे. "तुम्ही दोघी काय बघता ते मला नको का कळायला?" काटकसरीचे धनी, स्वतः तिसरं तिकीट काढून! मला भरून आलं, खरंच.

संग्रहालय सांभाळणारे गृहस्थ वयस्कर, चष्मा दोरीने गळ्यात. मी सांगितलं तर हसले. "ताई, तेव्हा माणसंच ठेंगणी होती. सगळे हेच विचारतात." मी म्हटलं, ठेंगणी असू देत, पण ठेंगण्या माणसाचा कोट शिवताना बाहीत वाढवायला कापड दुमडून ठेवत नाहीत. एकदा आतून बघू द्या. मी शिंपीण आहे, पंचवीस वर्षं हेच करते.

त्यांनी किल्ली आणली. मला पांढरे हातमोजे दिले. काच सरकवली.

बाही उलटली.

आत अजून दोन बोटं कापड होतं. म्हणजे मूळचं चार. त्यातलं दोन उघडलेलं, दोन शिल्लक. बाजूच्या शिलाईतही दीड-दीड बोट माया सोडलेली — जास्तीच्या कापडाला आम्ही माया म्हणतो. खांद्याची रुंदी विचारली, त्यांनी मोजली. माझ्याकडे तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचे शाळेचे कोट येतात, तेच माप. अगदी तेच.

पण मला खरं धरून ठेवलं ते टाक्यांनी. दुमडीच्या जुन्या जागेवर सुईची भोकं अजून आहेत — बारीक, एकसारखी, जवळजवळ. ज्या हाताने घातली तो हात तयार होता. आणि आताची शिलाई? लांब लांब टाके, एक वर एक खाली, मध्येच गाठ, दोरासुद्धा वेगळ्याच रंगाचा. आयुष्यात पहिल्यांदा सुई धरलेल्या हाताचे.

मी मोठ्याने बोलत होते, माझं मलाच कळलं नाही. "घरी कोणीतरी चार बोटं सोडून शिवून दिला. बाहेर गेल्यावर हात लांब झाले. मग याने आपणच उसवला आणि आपणच शिवला."

गृहस्थ खुर्चीत बसले. म्हणाले, "चाळीस वर्षं मी ही पाटी रोज पुसतो. मी इतिहास शिकलो हो, शिवण नाही शिकलो." मी जे जे सांगितलं ते सगळं त्यांनी वहीत लिहून घेतलं. पत्ताही घेतला.

हे काचेकडे पाठ करून उभे होते. आणि लेक — ती बाहीकडे बघत होती.

मला माहीत होतं मी काय केलं ते. दगडाने जे झालं नाही ते कोटाने झालं असं मला वाटलं. आनंद झाला मला. लाजही वाटली. त्या पोराचा कोट मी माझ्या कामाला लावला.

शुक्रवार, ७ मार्च

परतीची बस. लेक खिडकीशी. अर्ध्या वाटेत एकच वाक्य — "त्याला शिकवलं कोणी नसेल ना?" मी म्हटलं, नसेल.

शनिवार, ८ मार्च

भरतीसाठी ती रोज सकाळी धावते, आज गेली नाही. उद्याही जाऊ नको, असं मनात म्हणत मी दोन स्कर्ट पुरे केले. दोन्हींच्या टिपा वाकड्या गेल्या. उसवून परत मारल्या.

गुरुवार, १३ मार्च

रविवारपासून ती पुन्हा धावायला जातेय. पहिल्यापेक्षा लांब.

आणि आज दुकानात येऊन माझ्यासमोर स्टुलावर बसली. "आई, मला हातशिलाई शिकव."

ही मुलगी! लहानपणी बटण लावायला सांगितलं की घरातून पसार व्हायची. मी विचारलं, आता काय झालं? म्हणाली, "तिथे मला कोण शिवून देणार?"

मी सुईत दोरा ओवायला घेतला. ओवेना. तिने माझ्या हातातून घेतला आणि ओवला. मी समजले. तिने कोट बघून ठरवलं होतं, पण मला हवं ते नव्हे.

रागावले मी. खूप. दुकान बंद करून घरी आले. ह्यांना म्हटलं, तुम्ही सही केलीतच कशी? हे म्हणाले, "तिने तुझ्यासारखं तोंड केलं होतं. त्या तोंडापुढे माझं कधी काही चाललंय?"

रविवार, १६ मार्च

धावदोरा शिकवला. तिच्या बोटाला सुई टोचली. ती हसली, रडले मी.

सोमवार, २४ मार्च

संग्रहालयातून पत्र! पाटी बदलली. नवा मजकूर लिहून पाठवलाय — "वाढत्या वयाच्या मुलाचा कोट. वय तेरा ते चौदा. बाही एकदा वाढवलेली, बहुधा त्याने स्वतः." खाली गृहस्थांनी हाताने लिहिलंय, "शिल्लक दोन बोटं तशीच दुमडून ठेवली आहेत. आता सगळे तिथेच थांबतात."

लेकीने पत्र दोनदा वाचलं आणि माझ्या मशीनच्या खणात ठेवलं. अर्जाचं नाव काढलं नाही. महिनाभर रोज विचारायची, आता विचारत नाही. हे जास्त कठीण आहे.

शनिवार, २९ मार्च

दुकानात टेबलावर तिची खाकी पॅन्ट पडलेली. नवीन, लांबीला जास्त. तिने एकटीने दोन्ही पायांची खालची कड दुमडून शिवली होती. टाके लांब लांब, एक वर एक खाली, मध्येच गाठ. पाय उलटून बघितला तर आत चार बोटं कापड, न कापता दुमडलेलं. तिची उंची दोन वर्षांत सुतभर वाढलेली नाही! म्हटलं, हे कशाला ठेवलंस? म्हणाली, "परत आले की तू उसवून नीट कर. तोवर असू दे."

असलं काम पंचवीस वर्षांत मी दुकानाबाहेर जाऊ दिलेलं नाही. कात्री घेतली. मग ठेवून दिली.

गठ्ठ्याखालून अर्ज काढला. सही केली.