व्याह्यांची चितापं आणि आपली भाजणी

दहिसर, रविवार

ती. रत्नप्रभाताईच्या पायांवर धाकट्या धोंडूचं डोकं. (केस गेले, डोकं अजून आहे.)

तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस का? भावोजींचा खोकला थांबला का? फणसाला यंदा कुयऱ्या, कोवळी फळं, बऱ्या धरल्यात ना? इथे आम्ही दोघं ठणठणीत आहोत, म्हणजे रुक्मिणी ठणठणीत आहे आणि मी जळतो आहे. फोनच केला असता, पण आमच्या घरात फोन लागला की रुक्मिणी 'स्पीकरवर टाका' म्हणते, आणि मला जे सांगायचं आहे ते बायकोसमोर सांगण्यासारखं नाही. म्हणून हे पत्र. कणकवलीला पोचेल तेव्हा पोचेल.

जान्हवीचं तुला थोडं कानावर आलंच असेल. आपल्या सिद्धेशची लेक, सात वर्षांची. दिवाळीपासून तिचं पोट सारखं फुगायचं, वजन काही केल्या वाढेना. शेवटी डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की गव्हातलं ग्लुटेन तिला चालत नाही. चिमूटभरही नाही, आणि कधीच नाही. म्हणजे चपाती बंद, पाव बंद, उपमा-शिरा बंद, चहातलं बिस्किट बंद. त्या दिवशी मी देवासमोर बसून रडलो, ताई. पोरगी मात्र शहाणी. मलाच म्हणाली, नाना, भात तर चालतो ना, मग झालं तर. आता बरी आहे, गाल वर आलेत.

तर मुद्दा असा. मे महिन्याच्या सुट्टीत आईबाप कामावर, म्हणून जान्हवी महिनाभर एका आजोबांकडे राहणार. एक तर आमच्याकडे दहिसरला, नाहीतर वाकोल्याला आमचे व्याही अल्फान्सो यांच्याकडे. कुठे राहायचं ते तिनेच ठरवायचं, असं सूनबाईंनी, म्हणजे नॅटलीने, जाहीर केलं. (हल्ली मतदानाचा हक्क बारशालाच मिळतो.) आणि माझ्या मांडीवर बसून, माझ्याच हातातली चिक्की खात पोरीने सांगितलं, वाकोला. का? तर तिथे नाश्ता मस्त असतो!

हा अल्फान्सो, बायको गेल्यापासून घरचं रांधणं स्वतःच करतो. सकाळी चड्डी-बनियनवर ओट्यापाशी उभा राहून तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि अंडं कालवून तव्यावर जाळीदार, लुसलुशीत काहीतरी घालतो. त्यांच्याकडे त्याला चिताप म्हणतात. मी एकदा सगळ्यांसमोर म्हणालो की हे आपलं घावनच आहे, फक्त बाप्तिस्मा झालेलं. वाटलं, त्याला झोंबेल. तर सगळ्यात जास्त तोच हसला आणि माझ्या ताटात आणखी एक वाढलं. अशा माणसावर धड रागावताही येत नाही. बरं, करून गप्प बसेल तर अल्फान्सो कसला? रोज घरच्या ग्रुपवर फोटो टाकतो. आज चिताप, उद्या तांदळाची हातभाकर आणि अंड्याची पोळी, परवा केळं कुस्करून केलेले नाचणीचे पॅनकेक. आणि आमची रुक्मिणी फोटो पडायचा अवकाश, लाल बदाम पाठवते. (माझ्या एकाहत्तरीला तिने ग्रुपवर नुसता अंगठा दाखवला होता.) वर मला ऐकवते, बघा, पुरुषमाणूस असून किती करतात!

मग मीही पदर खोचला. पहिल्या रविवारी बोरिवलीच्या एका झगमगीत दुकानातून बिनग्लुटेनचा पाव आणला. भाजला तर थर्माकोल, न भाजला तर ओला थर्माकोल. जान्हवीने तो खिडकीतल्या कबुतराला दिला आणि कबुतराने परत केला. दुसऱ्या रविवारी नाचणीची इडली केली. पीठ फुगलं नाही, कारण ते फुगावं लागतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. तिसऱ्यांदा साबुदाण्याची खिचडी केली, ती एकसंध निघाली, सुरीने कापून वाढली. पोरगी मनाने फार चांगली. म्हणाली, नाना, तुम्ही खूप ट्राय करता. ताई, या वाक्याने मला जेवढं लागलं तेवढं साहेबाच्या मेमोनेही कधी लागलं नव्हतं.

आणि मग मला तुझी भाजणी आठवली. तू दर वर्षी पाठवतेस तो डबा! मनात म्हटलं, आता ये म्हणावं अल्फान्सोला. काल सकाळी पोरगी आमच्याकडे होती आणि रुक्मिणी देवळात गेली होती. मी कांदा, कोथिंबीर घालून पीठ मळलं, ओल्या फडक्यावर थापलं, मधे भोकं पाडली, कडेने तेल सोडलं. काय खमंग वास सुटला म्हणून सांगू! जान्हवी बाहेरच्या खोलीतून आपण होऊन आली. थालीपीठ ताटात, त्यावर लोण्याचा गोळा. मी पहिल्यांदा फोटो काढला, ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'आमच्या घराण्याची भाजणी'. पोरगी घास तोडून फुंकर घालत होती, तेवढ्यात फोन वाजला. वाकोला. मी मुद्दाम चार रिंग होऊ दिल्या. उचलला तर अल्फान्सो ओरडतच होता, "व्याहीबुवा, खायला देऊ नका तिला! भाजणीत गहू असतो!"

मी ताट ओढलं. घास तिच्या हातातून काढून घेतला. तांदूळ, ज्वारी, बाजरी, डाळी एवढंच माझ्या डोक्यात होतं, त्यात मूठभर गहू भाजून पडतो हे मला या वयापर्यंत माहीत नव्हतं. पोरीच्या पोटात तो घास गेला असता तर मी स्वतःला तोंड दाखवू शकलो नसतो. त्याचे आभार मानले. मनापासून मानले. फोन ठेवला आणि मग मनापासून जळफळलो. जान्हवीला दहीपोहे दिले, ते तिने गुपचूप खाल्ले.

आता मला सांग, आपली भाजणीची कृती त्या माणसाला ठाऊक असण्याचं कारण काय? मी परत फोन लावून विचारलंच त्याला. तर म्हणाला, लग्नाच्या वेळी ताईंनी सांगितली होती, मापासकट. म्हणजे तूच! सिद्धेशच्या लग्नात मी वाढप्यांमागे धावत होतो आणि तुम्ही दोघं मांडवाच्या कोपऱ्यात बसून भाजणी भाजत होता! शिवाय म्हणाला, ताईंचा मधूनमधून फोन असतो. मला तुझा फोन गणपतीत येतो, ताई. मी काही मनाला लावून घेतलेलं नाही, फक्त लिहून ठेवतो आहे.

असो. भावोजींना नमस्कार. गुडघ्यांना जप.

तुझा सख्खा (हे तुझ्या लक्षात असेल तर),
धोंडू

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. बिनगव्हाची भाजणी करून पाठव. गिरणीत देऊ नकोस, तिथे आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दगडाला असतोच (हेही त्यानेच सांगितलं). घरच्या जात्यावर दळ. गुडघे दुखतात हे ठाऊक आहे, पण जातं हाताने फिरतं.

ता. क. २ भाजणी राहू दे. पाकीट चिकटवणार एवढ्यात जान्हवीचा फोन आला. ती सुट्टीत दहिसरलाच राहणार! मी आनंदाने उडालोच. पुढे म्हणाली, "पण ग्रँडपालापण बोलवा ना, तिकडे ते एकटेच नाश्ता करतात." रुक्मिणीने लगेच माझ्या खोलीत दुसरी गादी घातली. तेव्हा ताई, तूच ये. महिनाभर या घरात एक तरी माणूस माझ्या बाजूचा हवा. बस चेकनाक्याला किती वाजता पोचते ते फक्त मला कळव. त्याला कळलं तर तो माझ्याआधी येऊन उभा राहील.