व्हिनेगरमधली कवडी

२५ ऑक्टोबर २०१२, दरेकसा

आमचे मुख्याध्यापक केशोराव सर म्हणतात, "मॅडम, गोंदिया में समंदर कहाँ है? सौरचूल मांडा!" दरवर्षी सौरचूल! हवेतला धूर समुद्रात मुरतोय, पाणी आंबट होतंय, शंख-शिंपल्यांची कवचं झिजताहेत — आणि आम्ही पापड भाजत बसायचं? तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात माझी नववीतली रश्मी समुद्रच मांडणार. बघतेच कोण अडवतं ते.

३१ ऑक्टोबर

प्रयोग सोपा. व्हिनेगरमध्ये शिंपला सोडायचा, बुडबुडे दाखवायचे. पण इथे समुद्रातलं काही मिळेल तर शपथ! शेवटी रश्मीच्या आजीने, लीलाबाईंनी, कवडी काढून दिली. नवऱ्याच्या कमरपट्ट्यातली, मधली, सगळ्यांत मोठी. ते गेले, आता मुलगा चैतराम तोच पट्टा बांधून गायगोधनाला, पाडव्याच्या गाईंच्या सणाला, नाचतो.

"पाडव्याच्या आत वापस देजो बाई. तिच्याबिगर पट्टा नाई बांधत आमी."

तासाभराचं तर काम आहे, म्हटलं.

६ नोव्हेंबर

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला पाहुणे आलेच नाहीत! रश्मीने सकाळीच कवडी बरणीत सोडली होती. बुडबुडे काय छान येत होते! दुपारी जाहीर — उद्घाटन शुक्रवारी. आम्हाला बाहेर काढलं, सभागृहाला कुलूप. "आता कोणतीच वस्तू हलवायची नाही." भांड भांड भांडले. चावीवाला चावी घेऊन पसार.

९ नोव्हेंबर

परीक्षक दुधराम सर बरणीपाशी अर्धा मिनिट थांबले. "समुद्राचा आपल्याशी काय संबंध?" रश्मी सांगायला लागली तोवर ते पुढच्या टेबलावर! पहिला नंबर — सौरचूल.

आणि कवडी! तीन दिवस पडून चकाकी पार गेली. खडूसारखी पांढरी, कडा झिजलेल्या. खरा समुद्र इतका आंबट नाही, कळतं मला. पण ही तर माझ्याच हातून गेली. रश्मी रडली. मी तिच्यावरच ओरडले. लाज वाटते आता.

१२ नोव्हेंबर

गोंदियाच्या बाजारातून हुबेहूब तशीच कवडी आणली. लीलाबाईंनी दाताखाली धरून पाहिली.

"हे पिलास्टिकची होय बाई."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग सगळं सांगितलं — धूर, आंबट पाणी, कुलूप.

"माही कवडी कोठी आहे? तेच दे."

पदराच्या गाठीला बांधून घेतली. आणि चुलीकडे वळल्या. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं!

१४ नोव्हेंबर, पाडवा

गायगोधन. चैतरामच्या पट्ट्यात मधोमध तीच पांढरीफटक कवडी! जो तो विचारतोय, "हे अशी काऊन झाली वो?" आणि लीलाबाई एकेकाला थांबवून सांगताहेत — "समुद्रातल्या कवड्या अशाच खराब होऊन राहिल्या ना बापा, आपल्या धुरानं. हे एक मातर बाईनं केली."