धावपट्टी ‘योग्य’ असल्याचे सांगण्याच्या कामातून मुक्त करणेबाबत

प्रति,
मा. धावपट्टी निरीक्षक,
दूरस्थ धावपट्ट्या कार्यालय,
क्वॉन्डिला.

विषय : विल्गाबूरा येथील मातीच्या धावपट्टीच्या देखरेखीतून मला मुक्त करणेबाबत (विनंती तिसरी).

संदर्भ : आपले पत्र दि. ९ जानेवारी १९८४.

महोदय,

मी, श्रीमती नोला ट्रेगेन्झा, वय ६६, विल्गाबूरा या गुरे पाळण्याच्या केंद्रावर एकोणीस वर्षे धावपट्टीची देखरेख करीत आहे. दर मंगळवारी टपालाचे विमान येण्यापूर्वी पिकअप घेऊन पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणे, भोंगा वाजवून एमू आणि कांगारू हाकलणे, माती चाकाखाली कितपत दबते हे पाहणे आणि वैमानिकाला रेडिओवर ‘योग्य’ अथवा ‘अयोग्य’ असे कळविणे, एवढे माझे काम. मी ‘योग्य’ म्हटल्याशिवाय विमान चाके टेकवीत नाही.

१. गेल्या एप्रिलमध्ये पावसानंतर चौथ्या दिवशी मी ‘योग्य’ म्हटले. पट्टी वरून खडखडीत होती. आत गारा होता, तो मला कळला नाही. पुढचे चाक रुतून विमान नाकावर उभे राहिले. वैमानिक ब्रायोनी हिच्या खांद्याचे हाड मोडले, समोरचे दात गेले. पोरगी शुद्धीवर आल्या आल्या मलाच म्हणते, “मावशी, रडताय काय? खांदे दोन असतात की!” आपल्या चौकशीत माझा दोष नाही असे ठरले. साहेब, दोष ठरला असता तर मी सुटले असते.

२. तेव्हापासून रविवारीच मी आभाळ बघत बसते. सोमवारी घास उतरत नाही. मंगळवारी उजाडायच्या आधीच पिकअपमध्ये जाऊन बसते. हे मी लाजत नाही लिहायला. मी घाबरते, आणि फार घाबरते.

३. माझा राजीनामा आपण दोनदा परत केलात. हे पद बिनपगारी असल्याने राजीनाम्याची तरतूद नाही, असे आपण कळविलेत. मग मी निदान नोंदीच्या तक्त्यात ‘योग्य’ आणि ‘अयोग्य’ यांच्या शेजारी ‘माहीत नाही’ असा तिसरा रकाना मागितला. तो शेरा ग्राह्य धरता येत नाही, असे उत्तर आले. ग्राह्य नसेल, पण खरा तोच आहे. फोन केला तर आपले कारकून म्हणतात, “बाई, सहीचा कागद पाठवा, तोंडी चालत नाही.” माझे तोंडी बोलणे विमान उतरवायला चालते, एवढीच काय ती गंमत.

४. दुसरा माणूस नेमा, असे आपण सुचविलेत. येथे दुसरा म्हणजे माझा पुतण्या डॅरल. तो कशालाही “चालेल” म्हणतो. गाडीला ब्रेक नसला तरी चालेल, मटणाला वास आला तरी चालेल. ब्रायोनीने त्याला तोंडावर सांगितले, “डॅरल, तुझ्या शब्दावर मी सायकलसुद्धा उतरवणार नाही. मावशी बोलू देत.”

५. आता मुख्य मुद्दा. माझे यजमान व्हर्न यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया शहरात झाली. दोन महिन्यांनी ते उद्याच्या विमानाने घरी येत आहेत. आणि शुक्रवारी येथे दोन इंच पाऊस झाला. काल ते फोनवर म्हणाले, “नोला, नाटकं करू नकोस. नुसतं हो म्हण. इथल्या सुपाचा वीट आलाय मला.” मलाही त्यांना घरी आणायचे आहे. घर खायला उठते. म्हणूनच माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा उरलेला नाही. मला माती कोरडी दिसेल ती कोरडी आहे म्हणून, की व्हर्न हवेत म्हणून, हे मी कोणाला विचारू?

तरी कृपया, ज्याचे कोणीही त्या विमानात बसलेले नाही, असा मनुष्य येथे पाठवावा. राहायला खोली आहे, जेवण मी करीन. हा अर्ज उद्याच्याच विमानाने पाठवीत आहे. म्हणजे तो निघण्यासाठीसुद्धा आधी मला ‘योग्य’ म्हणावे लागेल, हे आपल्या ध्यानात यावे.

आपली, भ्यालेली पण नम्र,
नोला ट्रेगेन्झा
सोमवार, दि. २० फेब्रुवारी १९८४

सोबत : १) नोंदीचा तक्ता, जानेवारी. २) माझे आधीचे दोन राजीनामे.

ता. क. (मंगळवार दुपार) : सकाळी तीनदा पट्टीवरून गेले. चाक कुठेच रुतले नाही. मग खाली उतरून सळई खुपसली. उत्तरेकडच्या टोकाला ती एका जागी जरा जास्त गेली. जराच. विमान डोक्यावर आले. ब्रायोनी म्हणाली, “बोला मावशी.” तेवढ्यात रेडिओवर व्हर्नचा आवाज आला, “नोला, आपल्या घराचा पत्रा दिसतोय गं मला.”

मी ‘अयोग्य’ म्हटले.

विमानाने घरावरून दोन फेऱ्या मारल्या आणि ते परत गेले. तासाभराने डॅरलने पाण्याची भरलेली टाकी त्याच जागेवरून ओढून नेली. काही झाले नाही. “उगाच घाबरलीस, काकू,” म्हणाला. उगाच की कसे, हे मला आता कधीच कळणार नाही. व्हर्न संध्याकाळी फोन करणार आहेत. काय बोलतील, देव जाणे.

ब्रायोनी त्यांना पुढच्या मंगळवारी पुन्हा घेऊन येणार आहे. आकाश परत भरून आले आहे. हा अर्ज आता रस्ता वाळल्यावर डिझेल पोचवणाऱ्या ट्रकने निघेल, त्याला दहा-बारा दिवस तरी लागतील. म्हणजे साहेब, आपण हे वाचाल तेव्हा मी दुसऱ्यांदा काय म्हटले, ते होऊन गेलेले असेल.