बुधवारचा घुसखोर

चिमणे,

हे पत्र मी टाकणार नाही. तू घरी येतेस हे मला कळलंय, असं तुला समजलं तर यायचंच बंद करशील.

माझी एक विद्यार्थिनी घरगुती वाय-फायच्या सुरक्षेवर प्रबंध लिहितेय. अभ्यासाला म्हणून तिला मी आपल्याच घरच्या राउटरच्या नोंदी दिल्या. काल ती धावतच केबिनमध्ये आली. "सर, तुमच्याकडे घुसखोर आहे! दर बुधवारी दुपारी एक फोन जोडला जातो, आणि आपला तास संपायच्या आत गायब!"

फोनचं नाव वाचलं आणि माझा जीव भांड्यात पडला. 'चिमणी.'

मी तुझ्या फोनवर पाळत ठेवली म्हणून तू घर सोडलंस. वर्ष झालं, कुठे राहतेस, जेवतेस की नाही, मला काही पत्ता नव्हता. आणि तू तर दर आठवड्याला आईच्या हातचं जेवून जातेस! ही बाई बुधवारी मला म्हणते, "सावकाश या हो, घाई काय आहे?" आणि मी खुळा, बायकोला आपली किती काळजी म्हणून खूश!

"पासवर्ड बदला, सर," विद्यार्थिनी म्हणाली. "तुम्हीच शिकवता ना?"

"शिकवतो. पण हा घुसखोर नाही, घरचंच माणूस आहे, असं लिही. आणि जाताना आमच्या नोंदी ठेवणं बंद कसं करायचं ते दाखव."

पुढच्या सत्रात माझा बुधवारचा तास सकाळी घ्यायचं चाललं होतं. मी भांडून दुपारच मागून घेतली.

जुनाच पासवर्ड ठेवणारे,
तुझे बाबा