मामाच्या वजनाइतकी हवा

तीर्थस्वरूप मामा,

तुझ्या लाडक्या (निदान मागच्या फोनपर्यंत तरी लाडक्या) भाचीचा, रुओ-लानचा, वाकून नमस्कार. पत्रात मोठ्यांना 'तुम्ही' म्हणायचं असतं हे मला कळतं, पण 'तुम्ही' म्हटलं की मला भांडता येत नाही, आणि आज मला भांडायचंय. तुझे गुडघे कसे आहेत? तिकडे फंगहू बेटावर वारा सुटला असेल, मामीची वाळत घातलेली मासळी उडून शेजारणीच्या गच्चीवर जात असेल आणि ती आणायला जिना तूच चढत असशील. नाही म्हणू नकोस, मी ओळखते तुला. आम्ही इथे दाजाला मजेत आहोत. बाबांच्या कपाळाला टेंगूळ आलंय, त्याची हकिगत पुढे येतेच.

तू फोनवर काय म्हणालास? म्हणे, "मी लग्नाला येत नाही, माझ्या जागेवर टोपी ठेवा आणि जेवून घ्या." अरे, टोपी ठेवून कुणी जेवतं का? मुख्य टेबलाशी नवरीचा मामा बसून त्यानं जेवायच्या काड्या उचलेपर्यंत मांडवातल्या एकाही माणसानं घास घ्यायचा नाही, हे तूच मला लहानपणी शिकवलंस (माझ्या हातावर फटका मारून, मी कोळंबी उचलली होती म्हणून). आई असती तर तिनं तुला कान धरून बोटीत बसवलं असतं. ती नाही, म्हणून तू चढून बसलास! कारण मला माहीत आहे. तुझ्या पुतण्याच्या लग्नात तू त्या लाल प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसलास तो बसलासच. नवरानवरी पेले घेऊन आली, सगळे उठले, तुला उठवायला तिघं लागले, आणि तुझ्याबरोबर स्टूलही वर आलं. लोक हसले. त्यांना काय, लोक हसतातच.

फोन ठेवला आणि मी खूप रडले. आणि रडता रडता एकदम डोक्यात उजेड पडला! मामा, अरे, माणसाला वर-खाली करणं हाच तर माझा धंदा आहे! तू गावभर सांगतोस की भाची सायकलच्या कारखान्यात 'सीटवर बसायचं काम' करते. सीटवर नाही रे, सीटच्या खालच्या दांड्यावर माझी नोकरी आहे. डोंगरातले सायकलवाले चढताना सीट उंच ठेवतात आणि उतरताना ती खाली गेली नाही तर थेट हँडलवरून पुढे जातात. म्हणून हा दांडा: आत हवा भरलेली, अंगठ्यानं बटण दाबून बूड टेकलं की खाली, बूड उचललं की वर. कारखाना तो बनवतो आणि मी तो मोडायचा प्रयत्न करते. चिखल लावते, खारं पाणी मारते, वाळू घालते, आणि यंत्र त्याला दिवसरात्र वर-खाली, वर-खाली करतं. (यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून त्यावर कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलेलं असतं. मध्ये कुणीतरी ते खाल्लं आणि दुपारी यंत्राचा पट्टा तुटला. कुणी खाल्लं ते मला माहीत आहे, पण त्याच्याशीच माझं लग्न ठरलंय.)

तर मी आमच्या गुओ साहेबांकडे गेले आणि रंगाला ओरखडे पडलेले, बाकी ठणठणीत असे चार दांडे मागितले. साहेब म्हणाले, "अगं, ही वस्तू डोंगरासाठी आहे, मामासाठी नाही!" मी म्हटलं, "साहेब, तुमच्या लग्नात मामा बसला नसता, तर तुम्ही अजून उपाशी असता." साहेबांनी चारांऐवजी पाच दिले, एक जादा, मोडला तर म्हणून. मोडणार नाही, मामा! मी मोडून पाहिलेत ना!

आईची ती रुंद हातांची लाकडी खुर्ची आठवते? तिचे चारही पाय कापले (बाबा बाहेर गेले होते) आणि तिथे दांडे बसवले, चौघांचं मिळून एकच बटण खुर्चीच्या हातावर. पहिला मान बो-यानचा, म्हणजे पाकीट खाणाऱ्याचा. तो केवढा धिप्पाड, तुला ठाऊकच आहे. बसला, बटण दाबलं, आणि गेला खाली! गुडघे कानाशी! मग काही केल्या वर येईना. बिचारा तिथेच जेवला. त्याला ओढून काढल्यावर मी चारही दांड्यांत पंपानं हवा भरली, चांगली दणकून, आणि खुर्ची दाबून बटण सोडून ठेवली. इतक्यात बाबा आले. हातात शेवयांचा वाडगा, समोर रिकामी खुर्ची. टेकले, आणि त्यांचं कोपर बटणाला लागलं.

मामा, बाबा किडकिडीत आहेत रे! वाडगा भिंतीवर, बाबा दिव्यावर! मी धावले. आधी त्यांनी डोक्यावरच्या शेवया काढल्या, मग विचारलं, "हे तुझ्या मामासाठी आहे ना?" मी घाबरत हो म्हटलं. तर म्हणतात, "मग भर अजून थोडी."

पण त्यातून मला मर्म सापडलं! हवा बसणाऱ्याच्या वजनाला जुळवायची. जुळली की बसताना आपण अलगद खाली, आणि उठताना हातांनी जरा टेकू दिला की अलगद वर. कुणी ओढायला नको, कुणी हसायला नको.

खरं सांगू? नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी आई मला घेऊन माहेरी यायची, तेव्हा तू आधी मला दाराशी उभं करून किती वाढले ते बघायचास आणि मग पाना घेऊन तुझ्याकडे ठेवलेल्या माझ्या सायकलची सीट बोटभर वर करायचास. आई गेल्यावरही तू ते चुकवलं नाहीस. मला तू हवा आहेस मामा, टोपी नको.

तुझीच,
रुओ-लान

ता. क. खरं काम हे: तुझं वजन कळव. तू मागे अठ्ठ्याहत्तर सांगितलं होतंस. मी माझू देवीपुढे कौलाच्या लाकडी चंद्रकोरी टाकल्या आणि विचारलं, "मामा अठ्ठ्याहत्तर किलोचा आहे का?" दोन्ही कोरी सपाट बाजू वर करून पडल्या. म्हणजे देवी हसली. पुन्हा टाकल्या, पुन्हा हसली. शेजारी पूजेला आलेल्या आजीबाईपण हसल्या.

दुसरा ता. क. राहू दे, कळवू नकोस. मामीनं खरा आकडा सांगितला आणि मी हवा भरून टाकली. आता त्या खुर्चीत हलका माणूस बसला तर दिव्यावर जातो, जड बसला तर वर येत नाही, आणि टोपी ठेवून बटण दाबून पाहिलं, ती अजून दारात घातलेल्या मांडवाच्या छतावर आहे. तेव्हा तूच ये.