लिआनादादाची गुहा

रिहलुंग, १८ जानेवारी १९८८

ती. ताईस,
रोकिमाचा नमस्कार. वि. वि. तुझे लोकरीचे मोजे पोचले. आईने ते पायात घातले नाहीत. रविवारी हातात धरून चर्चमध्ये नेले आणि शिलाँगची नर्स कोणाची मुलगी आहे ते सगळ्यांना ऐकवलं.

मुद्द्याचं लिहितो. जुन्या गावाच्या डोंगरावर यंदा पुन्हा शेती करायला मोकळीक मिळाली. एकवीस वर्षांनी! हे ऐकल्यापासून आईने एकच धरलंय, की लिआनादादाची गुहा शोध. हाडं मिळाली तर घेऊन ये, म्हणते. गुहा रिकामी निघाली, तर तो सरहद्द ओलांडून बर्मात गेला असेल, लग्नबिग्न करून सुखात असेल, मग मी निवांत मरेन.

मी तेव्हा पाच वर्षांचा. दादा बंडातून मांडीत गोळी घेऊन परतला, बाबांनी त्याला गुहेत लपवलं, तिसऱ्या दिवशी लष्कराचा हुकूम आला, शिपायांनी गाव जाळलं आणि आपल्याला इथे सडकेवर आणून कुंपणात घातलं, एवढंच मला ठाऊक. बाबा त्याच पावसाळ्यात तापाने गेले. गुहा पाहिलेली तू एकटीच उरलीस. तू चार दिवस आलीस तर सोपं होईल. नाहीतर वाट लिहून तरी धाड.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझा रोकिमा

शिलाँग, २ फेब्रुवारी

चि. रोकिमास,
अनेक आशीर्वाद. मोजे पायात घालायचे असतात असं आईला सांग, आणि ते तंबाखूचं पाणी तोंडात धरणं कमी कर म्हणावं, डोळ्यांना मोतीबिंदू पुरे झाला.

रजा नाही. वॉर्डात आम्ही दोघीच आहोत. वाट लिहिते. गावाच्या पाणवठ्यावरून ओढ्याने वर जायचं. दोन धारा एकत्र येतात तिथे डावी धरायची. पुढे उंबराचं मोठं झाड, त्याच्या वर पाठमोऱ्या गव्यासारखा काळा खडक. खडकाच्या उजव्या अंगाला, माणूस रांगत जाईल एवढं तोंड. मी तेरा वर्षांची होते आणि डोक्यावर भाताची टोपली होती, तेव्हा अंतर किती हात ते विचारू नकोस.

एकटा जाऊ नकोस. ह्रांगाकाकांना ने, रानडुकरामागे त्यांनी तो डोंगर कुत्र्यासारखा हुंगलाय. आणि खरं सांगू का, नाही सापडली तर फार जिवाला लावून घेऊ नकोस. आईला बर्मा राहू दे.

आईला माझा नमस्कार. मला विसरू नका, म्हणजे झालं.
ताई

रिहलुंग, २६ मार्च

ती. ताईस,
नमस्कार. उशीर झाला, कारण काही सांगण्याजोगं नव्हतं.

फेब्रुवारीत तीनदा गेलो. ओढा सापडला, डावी धार सापडली. पुढे सगळं बांबूचं रान. कोयता मारायचा, हातभर पुढे सरकायचं. उंबर एक नाही, सतरा आहेत. गव्यासारखा खडक मी विचारला तर ह्रांगाकाका म्हणाले, की तुझ्या बहिणीने गवा कधी जवळून पाहिला नसणार, मला इथे चार गवे आणि एक म्हातारी दिसतेय. दुसऱ्या खेपेस गांधीलमाश्यांनी मला फोडलं. आईने सुजलेलं तोंड चाचपलं आणि विचारलं, की दादा सापडला का.

मग नशिबाने शेतीच्या चिठ्ठ्यांत तोच उतार आमच्या वाट्याला आला. आम्ही रान तोडलं, वाळवलं, गेल्या सोमवारी पेटवलं. ताई, मला वाटलं, आता लपणार कुठे? राख निवल्यावर सगळं गाव चढलं. डोंगर भादरलेल्या डोक्यासारखा उघडा. वरपासून खालपर्यंत हात धरून रांगेने शोधलं. साळिंदराची दोन बिळं मिळाली. गुहेचं तोंड कुठेच नाही.

परतताना ह्रांगाकाकांनी विचारलं, की तुझी ताई नक्की त्याच डोंगरावर गेली होती ना. मला राग आला. आई खूश आहे. तोंडच नाही म्हणजे कोंडलेला कोणी नाही, असा तिचा हिशेब. तू काही विसरली आहेस का? आठवून लिही.

रागावू नकोस, जीव लावत राहा.
रोकिमा

शिलाँग, ५ एप्रिल

चि. रोकिमा,
आशीर्वाद. हा कागद आईला वाचून दाखवू नकोस.

मी काही विसरले नाही. तोंड मीच बंद केलं. शेवटच्या दिवशी बाबा खाली गावात अडकले होते, शिपाई ओढ्यापर्यंत आले होते. बाबांनी सांगितलं, की भात दे आणि तोंड झाकून ये. फांद्यांनी झाक म्हणाले होते. मला वाटलं, फांद्या सुकतील, जागा ओळखू येईल. मी दगड लावले. मोठे खाली, लहान वर, फटींत माती. बाहेरून ओढता येऊ नयेत म्हणून एकात एक अडकवले. दादा आतून सांगत होता, की वर डावीकडे अजून उजेड येतोय, तिथे एक बसव. मी बसवला. तो म्हणाला, आता ठीक. मी म्हटलं, परवा येते. दुसऱ्या दिवशी पहाटे गाव हलवलं, पुढे कुंपणाबाहेर जाऊ दिलं नाही.

त्याची मांडी मोडलेली होती. बर्मा नाही, रोकिमा.

तू तोंड शोधत होतास, म्हणून सापडलं नाही. आता रचलेले दगड शोध. मी येत का नाही, ते तुला कळलं असेल. आईसाठी दुसरा कागद जोडला आहे, त्यात नुसतं इथल्या अननसांचं लिहिलंय.

तुझी माया मागायला आता तोंड नाही.
ताई

रिहलुंग, २४ एप्रिल

ती. ताईस,
नमस्कार. तू तेरा वर्षांची होतीस. हे मी एकदाच लिहितो, पण तू पुन्हा पुन्हा वाच.

पत्र आल्यावर मी एकटा वर गेलो. त्या खडकांच्या उजव्या अंगाला अख्खा उतारच कधीतरी खचून खाली आलाय. दगडांवर दगड, घरांएवढे. कोणते देवाने रचले आणि कोणते तू, हे कोण सांगणार? दोन दिवस पहारीने उकरलं. मग हाक मारली. त्याला दादा म्हणून हाक मारल्याचं मला आठवत नव्हतं, तेव्हा ती पहिलीच. पहार तिथेच टाकून आलो.

आईला अननसांचा कागद वाचून दाखवला. ऐकून ती म्हणाली, की पाकिटातून दोन कागद काढल्याचा आवाज झाला, आणि वाचलास एकच. मी पाकीट खिशात घातलं. चार दिवस तिने बर्माचं नाव काढलं नाही. पाचव्या दिवशी भात वाढताना म्हणाली, की पाथरवटाला बोलाव, लिआनाच्या नावाचा दगड उभा करू.

पाथरवट मृत्यूची तारीख मागतोय. तो म्हणतो, गाव हलवलं ती घाला. आई नको म्हणाली. तिचे शब्द तसेच लिहितो. तुझं नाव घेऊन ती म्हणाली, की झुआलीला विचार, किती दिवसांचं अन्न दिलं होतं ते तिला ठाऊक असेल.

उत्तराची वाट पाहतो.
रोकिमा

शिलाँग, ३ मे

चि. रोकिमा,
आशीर्वाद. हे पत्र आईला सगळं वाचून दाखव.

आई, भात चार दिवसांचा होता आणि पाणी दोन भोपळे भरून. पण तो अर्धं खाऊन अर्धं ठेवणारा, आणि आत छतातून पाणी ठिबकत होतं. मी कधी नऊ दिवस धरते, कधी वीस. वॉर्डात उपाशी माणसं किती दिवस टिकतात ते मी दर वेळी पाहते आणि पुन्हा पहिल्यापासून मोजते. मला तारीख सांगता येत नाही. गाव हलवल्याची मात्र घालू नका, त्या दिवशी तो जिवंत होता. जागा कोरी सोडायला सांगा.

शनिवारच्या बसने निघते. आई, तू आत घेतलं नाहीस, तर मी ओसरीवर बसेन.
झुआली